समृद्धी आणि धूर

गेल्या वर्षीच्या व्याख्यानमालेत लागोपाठ दोन संध्याकाळी दोन विद्वान वक्ते बोलले. पहिल्यांनी सांगितले की, देशाचे दारिद्र्य हटवावयाचे तर उत्पादन वाढले पाहिजे. वीज, पोलाद, सिमेंट, रस्ते आणि कारखाने यांवाचून गत्यंतर नाही. दुसऱ्यांनी सांगितले की, पृथ्वी तापत चालली आहे. कोळसा आणि तेल जाळणे आपण आवरले नाही, तर पुढच्या पिढ्या आपणांस क्षमा करणार नाहीत. दोन्ही व्याख्यानांना टाळ्या सारख्याच पडल्या. दुसऱ्या दिवशी सभा संपून मंडळी चपला शोधीत होती, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "काल सांगितलंत, भट्ट्या पेटवा. आज सांगितलंत, भट्ट्या विझवा. माझा नातू थर्मलमध्ये नोकरीला लागलाय. त्याला मी काय सांगू?"

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. टाळ्या दोघांनाही वाजविता येतात; नातवाला मात्र एकच काहीतरी सांगावे लागते. म्हणून आर्थिक वाढ आणि कार्बनचे उत्सर्जन यांचा परस्परांशी संबंध काय, तो अटळ आहे की तोडता येण्याजोगा आहे, आणि तोडावयाचा तर कोणी, कसा आणि कोणाच्या खर्चाने, एवढ्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ पक्के करू. आर्थिक वाढ म्हणजे एका वर्षात देशात जेवढ्या वस्तू निर्माण झाल्या आणि जेवढ्या सेवा दिल्या गेल्या, त्यांच्या एकूण मूल्यात मागील वर्षापेक्षा झालेली वृद्धी. शिंप्याने शिवलेला सदरा, डॉक्टरने तपासलेला रोगी, साखर कारखान्याचे पोते आणि शाळेतला तास, सारे या बेरजेत येते. बेरीज वाढली म्हणजे सुख वाढलेच असे नाही. ज्या सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब तेथील काँग्रेसपुढे ठेवला, त्यांनीच या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचे अनुमान काढू नये, असे बजावले होते. तथापि ही बेरीज फार लहान असलेल्या देशात शाळा, दवाखाने आणि नळाचे पाणी यांची वाण पडते, हेही तितकेच खरे.

आता कार्बन. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. ते जाळले की त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून अधिक कसे निघाले, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन आपल्यासंगे बांधून घेतो. १२ किलो शुद्ध कार्बन जळला की ४४ किलो वायू होतो; उरलेले ३२ किलो हवेने दिलेले असतात. या वायूला रंग नाही, वास नाही. गाडीच्या मागे जो काळा धूर दिसतो तो काजळीचा. हा वायू त्या धुरातही असतो आणि धूर न दिसणाऱ्या गाडीमागेही असतो. लेखाच्या शीर्षकातील धूर हा न दिसणारा धूर आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मग गुऱ्हाळाच्या चुलवणातून निघणारा धूर आणि औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघणारा धूर एकच का? वायू एकच; पण हिशेब निराळा. चुलवणात उसाचे चिपाड जळते. त्यातला कार्बन उसाने गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो; तो हवेत परत गेला, आणि पुढच्या उसाने पुन्हा घेतला. उसनवारी आणि फेड एकाच हंगामात झाली. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी अरण्यांनी हवेतून घेऊन जमिनीत पुरलेला. तो आपण एका दुपारी जाळून टाकतो. ही जुनी ठेव मोडून खाणे झाले, आणि ती पुन्हा भरणारा कोणी नाही.

या ठेवीचा हवेतला हिशेब आज आपणांस चांगला ठाऊक आहे. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. कोळसा जाळल्याने हवा तापेल, असे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर रोजचे मोजमाप सुरू केले, तेव्हा आकडा ३१५च्या घरात होता. आज तो ४२० ओलांडून पुढे गेला आहे. आपण जो वायू सोडतो त्यापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. उरलेला हवेत राहतो, आणि त्यातला बराचसा शतकानुशतके राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात आली नाही तर पुढचे सारे विवेचन व्यर्थ. वाड्यातला हौद भरत आला आहे आणि नळ सुरू आहे, अशी कल्पना करा. नळाची धार थोडी बारीक केली म्हणजे हौदातले पाणी कमी होत नाही. ते सावकाश वाढते, एवढेच. पाणी वाढावयाचे थांबवायचे तर नळ जवळजवळ बंदच करावा लागतो. उत्सर्जन म्हणजे नळाची धार, आणि तापमान ठरते ते हौदातल्या पातळीवर. म्हणून "आम्ही पूर्वीपेक्षा कमी वेगाने वाढत आहोत" या वाक्याने हौदाचे समाधान होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संपत्ती वाढली की कार्बन का वाढतो? योइची काया या जपानी अर्थतज्ज्ञांनी या संबंधाची एक सोपी फोड करून दाखविली आहे. एकूण उत्सर्जन हा चार गोष्टींचा गुणाकार होय. माणसे किती, दर माणशी उत्पन्न किती, एक रुपयाचे उत्पन्न काढावयास ऊर्जा किती लागते, आणि तेवढी ऊर्जा निर्माण करताना कार्बन किती निघतो. घरच्या भाषेत सांगावयाचे तर, पंगतीला पाने किती, प्रत्येक पानावर पदार्थ किती, एक पदार्थ शिजवावयास आच किती, आणि ती आच लाकडाची, कोळशाची की सूर्याची. पहिली दोन अंगे वाढत असतील, आणि गरीब देशांत ती वाढतच राहणार, तर सारा भार उरलेल्या दोन अंगांवर पडतो. कमी आचेत अधिक शिजवावयाचे, आणि आचच निराळी पेटवावयाची.

या गुणाकाराचा कठोरपणा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा देशाचे उत्पन्न दरसाल ६ टक्क्यांनी वाढते, आणि दर रुपयामागचा कार्बन दरसाल २.५ टक्क्यांनी घटतो. घट चांगली आहे, शाबासकीस पात्र आहे. तरीही एकूण कार्बन दरसाल सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढतच राहील, आणि एकवीस-बावीस वर्षांत दुप्पट होईल. आपल्या देशात जवळपास हेच घडले आहे. भारताने राष्ट्रसंघास कळविलेल्या हिशेबाप्रमाणे २००५ ते २०२० या काळात दर रुपयाच्या उत्पन्नामागे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. याच काळात कोळसा, तेल आणि सिमेंट यांपासून होणारे कार्बनचे एकूण उत्सर्जन दुपटीच्या आसपास गेले. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगणारा आणि दुसरा सांगणारा परस्परांस खोटे ठरवू लागले, की वाद रंगतो आणि बोध हरवतो. जगाचेही तेच. १९९० ते २०२३ या काळात जगाचे उत्पन्न सुमारे अडीचपट झाले आणि कार्बन दीडपटीहून अधिक. संबंध सैल झाला आहे, तुटलेला नाही.

हा संबंध मुळात जडला कोठे? इंग्लंडात. जेम्स वॅट यांनी १७६९ साली सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले आणि कोळसा हा खाणीतून निघून गिरणीत, आगगाडीत आणि आगबोटीत शिरला. पुढे १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. इंजिने जसजशी कमी कोळशात काम करू लागली, तसतसा कोळशाचा खप कमी न होता वाढत गेला. कारण उघड आहे. वाफ स्वस्त झाली, तेव्हा जेथे ती परवडत नव्हती तेथेही ती परवडू लागली. आपल्या घरी हाच अनुभव येतो. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या योजनेतून कोट्यवधी एलईडी दिवे वाटले गेले. दिव्याची खरेदी किंमत तीनशेहून अधिक रुपयांवरून दोन वर्षांत चाळिसाच्या आत आली. विजेची बचत खरीच झाली, आणि ती मोठी झाली. पण पूर्वी जिन्यात दिवा नव्हता तेथे आता दिवा आहे, आणि तो विझवावयाचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. काटकसर हवीच, मात्र नुसत्या काटकसरीच्या जोरावर नळ बंद होत नाही, हा जेव्हन्स यांचा धडा दीडशेहून अधिक वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

यावर काही विद्वानांचे उत्तर असे की, घाबरावयाचे कारण नाही. देश श्रीमंत झाले की आपोआप स्वच्छ होतात. आधी घाण वाढते, मग शिगेला पोचते, मग उतरते. उलट्या कढईसारखी रेघ. कुझ्नेट्स यांनी १९५५ साली विषमतेसंबंधी असे अनुमान मांडले होते, आणि १९९०नंतर इतरांनी ते प्रदूषणाला लावले. काजळीच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरे ठरले. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर दाट धुरके बसले आणि हजारो माणसे मेली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि काही वर्षांत लंडनची हवा निवळली. पण येथेही "आपोआप" हा शब्द चुकीचा आहे. कायदा झाला म्हणून हवा निवळली. शिवाय काजळी ज्याच्या चुलीची त्याच्याच खिडकीवर बसते. तिचा जाच मतदाराला होतो आणि मतदाराचा जाच मंत्र्याला होतो. कार्बन डाय-ऑक्साइड साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. मँचेस्टरच्या गिरणीत जळलेल्या कोळशाचा वाटा आज विदर्भाच्या उन्हात आहे, आणि त्याची तक्रार कोणत्या नगरपालिकेकडे करावयाची हे कोणास ठाऊक नाही. जो त्रास आपल्याला सोडून इतरांस होतो तो संपत्तीबरोबर आपोआप कमी होत नाही. त्यासाठी किंमत लावावी लागते किंवा नियम करावा लागतो.

असा नियम केला तर वाढ थांबते काय? ज्या देशात हा संबंध जडला त्याच देशाचा दाखला पाहू. १९९०च्या मानाने ब्रिटनचे देशांतर्गत उत्सर्जन आज सुमारे निम्म्यावर आले आहे. याच काळात तेथील उत्पन्न दीडपटीहून अधिक झाले. २०१२ साली तेथील सुमारे ४० टक्के वीज कोळशावर होत असे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरची वीज सार्वजनिकरीत्या प्रथम पुरविली गेली होती. १४२ वर्षांचा तो अध्याय संपला. हे घडले कसे? आधी कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू आला, ज्यातून तेवढ्याच विजेसाठी सुमारे निम्मा कार्बन निघतो. २००८ साली हवामानाचा कायदा झाला आणि सरकारवर उत्सर्जनाच्या मर्यादेचे बंधन आले. २०१३पासून वीजकेंद्रांच्या कार्बनला किमान किंमत लावली गेली, आणि कोळसा जाळणे महाग पडू लागले. समुद्रातल्या पवनचक्क्यांनी उरलेली जागा भरून काढली. स्वीडनने तर १९९१ सालीच कार्बनवर कर बसविला. तेथेही उत्पन्न वाढत गेले आणि उत्सर्जन घटत गेले.

या दाखल्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. ब्रिटनने आपले कारखाने बाहेर घालविले. कपडे, भांडी, यंत्रे आता चीनमध्ये होतात आणि त्यांचा धूर चीनच्या नावे मांडला जातो, असा तो आक्षेप. हिशेबनिसांनी तोही तपासून पाहिला आहे. बाहेरून आणलेल्या मालाचा कार्बन ब्रिटनच्या खात्यावर मांडला तर घट लहान होते, पण नाहीशी होत नाही. म्हणजे उत्पन्न वाढत असता उत्सर्जन खरोखरीच घटू शकते, हे सिद्ध झाले. मात्र ही घट जेवढ्या वेगाने व्हावयास हवी तेवढ्या वेगाने अद्याप कोठेही झालेली नाही, आणि ज्या देशांत ती झाली ते आधीच श्रीमंत झालेले होते. रस्ते, पूल आणि घरे बांधून झालेल्या देशाला पोलाद आणि सिमेंट कमी लागते. ज्याला अजून घर बांधावयाचे आहे त्याची गोष्ट निराळी.

उलट बाजूने असेही कोणी म्हणतात की, वाढच थांबवा. म्हणजे कार्बन आपोआप थांबेल. याचीही परीक्षा इतिहासाने घेतली आहे. सोव्हिएत संघ मोडल्यावर तेथील उत्सर्जन झपाट्याने कोसळले. पण त्याबरोबर माणसांचे पगार, पेन्शने आणि आयुर्मानही कोसळले. २००९च्या मंदीत जगाचे उत्सर्जन किंचित उतरले आणि २०१०मध्ये उसळून वर गेले. २०२० साली महामारीने जग घरात बसविले, रस्ते ओस पडले, मजूर पायी गावी गेले. तरीही वर्षभरात जगाचे उत्सर्जन घटले ते सुमारे ५ टक्के, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा वर चढले. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, माणसे हालात काढली तरी चुली, दिवे आणि भट्ट्या त्याच राहिल्या तर कार्बन फारसा घटत नाही. दुसरी, मंदीचा भार प्रथम ज्याच्यावर पडतो तो वायू सोडणारा नव्हे. तो हातावर पोट असलेला माणूस. उपास हा औषध नव्हे. आचच बदलावी लागते.

येथे न्यायाचा प्रश्न आला. एकूण उत्सर्जनात चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण दर माणशी हिशेब केला तर अमेरिकेचा माणूस वर्षास सुमारे १४ टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो, चीनचा सुमारे ८ टन, जगाचा सरासरी माणूस पाचाच्या थोडा आत, आणि भारतीय सुमारे २ टन. आणि हौदात जे आजवर साठले आहे त्यात आपला वाटा याहूनही लहान आहे. म्हणून भारताने वाढ थांबवावी असे सांगण्याचा अधिकार श्रीमंत देशांना नाही, हे आम्ही ठामपणे म्हणतो. परंतु तेवढ्यावर आपली सुटका होत नाही. एक तर भारतीय सरासरी ही फसवी आहे. महिना २०० युनिट वीज वापरणारे घर आपल्या देशात केवळ विजेपोटी वर्षाला सुमारे १.७ टन कार्बन सोडते, कारण आपल्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे सुमारे ०.७ किलो वायू निघतो. त्यात मोटार आणि विमानप्रवास मिळवा, म्हणजे या सभागृहात पंख्याखाली बसणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांचा हिशेब राष्ट्रीय सरासरीच्या बराच पुढे जातो. गरिबाच्या वाट्याची ढाल करून आपण मागे लपतो, हे बरे नव्हे. दुसरे असे की, तापलेल्या हवेला इतिहास कळत नाही. दोष कोणाचाही असो, ऊन शेतमजुराच्याच डोक्यावर पडते.

भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले की २०७० सालापर्यंत आपण हौदात भर घालणे थांबवू, आणि त्यानंतर दर रुपयामागचे उत्सर्जन २०३०पर्यंत २००५च्या मानाने ४५ टक्क्यांनी उतरविण्याचे लक्ष्य ठरविले. २०२५च्या मध्यास देशाच्या वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा व वायू सोडून अन्य साधनांची झाली. हे यश लहान नव्हे. २०१०नंतरच्या दशकात सौर विजेचा खर्च जगभर ८० टक्क्यांहून अधिक घसरला, त्याचे हे फळ. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक आहे. सूर्य रात्री मावळतो, वारा पडतो. म्हणून प्रत्यक्षात निर्माण झालेल्या विजेपैकी २०२४ सालीही सुमारे पाऊण हिस्सा कोळशाचाच होता. तो हिस्सा उतरवावयाचा तर वीज साठविण्याची सोय, दूरवर वाहून नेणाऱ्या तारा आणि दिवसा वीज वापरण्याची सवय, तिन्ही हवीत.

आपल्या महाराष्ट्राला या विषयाचा एक जुना अनुभव आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मुंबईच्या गिरण्या दूरच्या खाणींतून आलेल्या कोळशावर चालत होत्या. टाटांनी लोणावळ्याजवळ पाणी अडविले आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना पाण्यावरची वीज मिळू लागली. कापड तेच, मजूर तेच, उत्पादन वाढते. आच तेवढी बदलली. वाढ आणि धूर यांची ताटातूट आपल्या सह्याद्रीने शंभर वर्षांपूर्वीच एकदा करून दाखविली होती. पण त्याच कथेचे दुसरे पानही वाचले पाहिजे. पुढचे धरण मुळशीला बांधावयाचे ठरले, तेव्हा ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढणार होते त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांच्या पुढारीपणाने तुरुंगात गेले. धरण झाले, गावे बुडाली. वीज स्वच्छ होती, हिशेब स्वच्छ नव्हता. मुंबईला दिवे मिळाले, मावळाला अंधार. आज माळरानांवर सौर पट्ट्या मांडल्या जात आहेत आणि डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत, तेव्हा मुळशीचा धडा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आणि हाच धडा त्या वृद्ध गृहस्थांच्या नातवालाही लागू पडतो. आपल्याकडे चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. त्याच्याभोवती खाणी, वसाहती, दुकाने आणि शाळा उभ्या आहेत. अशी केंद्रे एके दिवशी बंद होणार आहेत. प्रश्न एवढाच की ती कशी बंद होणार. ब्रिटनमध्ये यापूर्वी खाणी बंद पडत गेल्या तेव्हा १९८४-८५ साली कामगारांचा मोठा संप झाला, तो मोडला गेला, आणि गावेच्या गावे ओस पडली. उलट रॅटक्लिफच्या कामगारांना आपले केंद्र जाणार हे कित्येक वर्षे आधी ठाऊक होते, कारण कोळसा सोडण्याचा निर्णय सरकारने २०१५ सालीच जाहीर केला होता. योगायोग असा की ज्या दिवशी रॅटक्लिफची चिमणी थंडावली, त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथील टाटांच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही थंड झाली. तिच्या जागी विजेची भट्टी यावयाची आहे. पण जुनी विझण्याआधी नवी उभी नव्हती, आणि हजारो नोकऱ्यांवर गदा आली. एकाच दिवशी दोन भट्ट्या विझल्या. एकीची तारीख आधी ठरली होती, दुसरीची वेळ येऊन ठेपल्यावर धावपळ झाली. फरक तंत्राचा नव्हता, पूर्वतयारीचा होता.

मग आमच्या दोन वक्त्यांपैकी खरा कोण? दोघेही खरे, फक्त दोघांनीही अर्धेच सांगितले. वाढ हवी, पण कशाची हे विचारले पाहिजे. शाळा, दवाखाने, बसगाड्या, थंड राहणारी घरे आणि सूर्याची वीज यांची वाढ निराळी. एकट्या माणसाला घेऊन फिरणाऱ्या मोठ्या मोटारींची वाढ निराळी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या बेरजेत दोन्ही रुपये सारखेच दिसतात. हौदात मात्र ते सारखे पडत नाहीत. हे निवडण्याचे काम बाजार एकटा करीत नाही, आणि उपदेशही करीत नाही. ते कर, नियम आणि अंदाजपत्रके करतात. त्यांपैकी एक अंदाजपत्रक आपल्या नगरपालिकेचेही असते. पाणी उपसण्याचे पंप किती वीज खातात, नव्या इमारतींच्या गच्च्या तापतात की नाही, शहर बससेवा आहे की नाही, हे प्रश्न दिल्लीचे नव्हेत. ते आपल्या प्रभागाचे आहेत, आणि मत मागावयास येणाऱ्याला विचारता येतात.

ते वृद्ध गृहस्थ यंदा भेटले तर आमचे उत्तर तयार आहे. नातवाला सांगा, नोकरी मन लावून कर. त्या विजेवरच आज दवाखान्यातले दिवे चालतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ती जन्मभराची आहे असे धरून चालू नकोस. बॉयलरसोबत विजेच्या तारा, बॅटऱ्या आणि सौर पट्ट्या यांचेही काम शिकून घे. आणि युनियनच्या सभेत पगारवाढ मागशील तेव्हा आणखी एक गोष्ट माग: हे केंद्र कोणत्या वर्षी बंद करणार, आणि त्या वर्षी आमच्यासाठी येथे दुसरे काय उभे असेल, ते आजच कागदावर लिहून द्या.